कॅज्युअल्टीत वेदनाशामकाची चाचणी: थीसिस करणाऱ्या डॉक्टरांसाठी

मराठवाड्यातल्या एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात मी आधी कॅज्युअल्टीची स्टाफ नर्स होते, आता संशोधन समन्वयक आहे. भूलशास्त्र, अस्थिरोग नाहीतर इमर्जन्सी मेडिसिनचे रेसिडेंट दरवर्षी जवळपास एकच विषय घेऊन येतात: हातपाय मोडून आलेल्या रुग्णाला हे इंजेक्शन चांगलं की ते? प्रश्न मोलाचा आहे. आपल्याकडे मोडलेला हात घेऊन तालुक्याहून दोन तास जीपमध्ये हिंदकळत आलेल्या माणसाला नेमकं काय द्यावं, याचं उत्तर आपल्याच कॅज्युअल्टीतून निघालं पाहिजे. म्हणून हे काम नीट कसं करायचं ते सविस्तर लिहिते.

एका नियमावर मी तडजोड करत नाही. अभ्यासामुळे कुठल्याही रुग्णाचं दुखणं लांबता कामा नये. संमती घ्यायची आहे, कुठलं औषध ते ठरवणारं बंद पाकीट उघडायचं आहे, फार्मासिस्ट जेवायला गेलाय, यातलं कुठलंही कारण चालत नाही. औषध सुरू व्हायला उशीर होतोय असं दिसलं की रुग्णाला नेहमीचा उपचार द्या आणि अभ्यासातून सोडा. पुढचं सगळं नियोजन या नियमाभोवती करायचं.

प्रश्न लहान ठेवा

‘ट्रॉमाच्या रुग्णांत वेदनाशमन’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. समजा तुम्ही ठरवलं: १८ ते ६० वयाचे, हातापायाचं एकच बंद (कातडी न फाटलेलं) फ्रॅक्चर असलेले, दुखणं दहापैकी पाच किंवा जास्त सांगणारे रुग्ण. एका गटाला शिरेतून पॅरासिटामॉल १ ग्रॅम, दुसऱ्याला कमी मात्रेत केटामाइन हे भुलीचं औषध, किलोमागे ०.३ मिलिग्रॅम. दोन्ही १०० मिलीत, १५ मिनिटांत. मुख्य मोजमाप एकच: ३० मिनिटांनी दुखणं किती उतरलं. बाकीच्या वेळांचे आकडे घ्या, पण निकाल कशावर लावायचा ते पहिल्या रुग्णाआधी लिहून ठेवा. १५, ३०, ६० आणि १२० मिनिटांपैकी जिथे फरक दिसेल ती वेळ नंतर निवडायची, हे चालणार नाही.

न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या दोन इमर्जन्सी विभागांत झालेला एक अभ्यास २०१७ मध्ये ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात आला. तो मी प्रत्येक रेसिडेंटला वाचायला लावते. हातापायाच्या तीव्र दुखण्याच्या ४११ रुग्णांचं त्यात विश्लेषण आहे. चार गट होते: एकाला आयबुप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल १००० मिलिग्रॅम, उरलेल्या तिघांना पॅरासिटामॉलबरोबर वेगवेगळी अफूवर्गीय गोळी. मुख्य मोजमाप दोन तासांनी. सुरुवातीचा सरासरी आकडा ८.७ होता. आयबुप्रोफेनच्या गटात तो ४.३ ने उतरला, बाकीच्यांत ४.४, ३.५ आणि ३.९ ने. गटांत अर्थपूर्ण फरक निघाला नाही आणि तेच त्या अभ्यासाचं मोठं उत्तर ठरलं. फरक निघाला नाही म्हणून थीसिस वाया जात नाही. प्रश्न आधी नेमका विचारलेला असला की ‘फरक नाही’ हेही कामाचं उत्तर असतं.

रुग्ण किती लागतील

सिनॉप्सिसमध्ये (थीसिसच्या आराखड्यात) ‘प्रत्येक गटात ३०’ असं लिहून येतं. का, विचारलं तर आधीच्या बॅचनेही तेवढेच घेतले होते म्हणून. असं करू नका, गणित सोपं आहे.

आधी हे ठरवा की किती फरक पडला तर रुग्णाला तो जाणवतो. दुखापतीच्या रुग्णांवरच १९९६ मध्ये हे मोजलं गेलं. दुखणं किती ते रुग्णाने खूण करून दाखवायच्या १०० मिलिमीटरच्या रेषेवर साधारण १३ मिलिमीटर उतार पडला की रुग्ण स्वतःहून ‘थोडं कमी झालं’ म्हणतो. शून्य ते दहाच्या आकड्यांवर हाच फरक १.३ च्या आसपास येतो. आता दुखण्याच्या आकड्यांचं प्रमाण विचलन (रुग्णागणिक आकडे किती विखुरतात ते) २.५ धरा. २.५ ला १.३ ने भागा, आलेल्या संख्येचा वर्ग करा, त्याला १६ ने गुणा: उत्तर ५९ येतं. ८० टक्के पॉवरसाठी (खरा फरक असला तर तो पकडण्याची शक्यता ८० टक्के) प्रत्येक गटात इतके रुग्ण लागतात. विचलन ३ निघालं तर हीच संख्या ८५ होते. मधेच सोडून जाणाऱ्यांसाठी दहा टक्के वाढवा आणि मग बायोस्टॅटिस्टिक्सच्या सरांकडे जा. ३० च्या गटात १.३ चा खरा फरक असला तरी तो हातून निसटण्याची शक्यता मोठी असते.

कोणाला घ्यायचं नाही

डोक्याला मार, शुद्ध पूर्ण नाही, रक्तदाब पडलेला, छाती किंवा पोटाच्या दुखापतीचा संशय, हाडापर्यंत उघडी जखम, गरोदरपण, यकृताचा जुना आजार: हे सगळे बाहेर. केटामाइन वापरताय तर खूप वाढलेला रक्तदाब, हृदयाचा गंभीर आजार आणि मनोविकाराचा इतिहासही तपासा.

दारू प्यायलेल्या रुग्णाची संमती धरता येत नाही. रात्री मोटारसायकल घसरून येणाऱ्यांत असे बरेच असतात, म्हणून रात्रपाळीत रुग्ण कमी मिळणार हे वेळापत्रक आखतानाच धरा.

फसगत होते ती आधीच्या औषधाची. आपल्याकडे येईपर्यंत रुग्णाला कोणी ना कोणी इंजेक्शन दिलेलं असतं: गावातल्या डॉक्टरांनी, प्राथमिक आरोग्य केंद्राने किंवा १०८ च्या डॉक्टरांनी. चिठ्ठीवर नुसतं ‘इंज. दिले, रेफर’ एवढंच असतं. मग मी नातेवाइकांना विचारते, “इंजेक्शन दंडावर दिलं की कमरेवर? दोन दिले का? खिशात गोळीचं पाकीट आहे का?” धनुर्वाताचं इंजेक्शन बहुतेकदा दंडात असतं, डायक्लोफेनॅक कमरेत. यावरून पक्कं काही ठरत नाही, पण कुठे फोन करायचा ते कळतं. अमुक तासांत वेदनाशामक घेतलं असेल तर रुग्ण बाद, हा नियम लिखित ठेवा आणि सगळ्यांना सारखा लावा. हाडवैद्याकडे जाऊन आलेल्या रुग्णाचा हात ओढून, चोळून, पट्ट्या बांधून आणलेला असतो. तो प्रकार वेगळा नोंदवा.

परवानग्या

हा भाग थोडक्यात उरकते, कारण कागद कॉलेजात मिळतात. संस्थेच्या एथिक्स कमिटीची मंजुरी आधी. त्यानंतर सीटीआरआयवर, म्हणजे देशातल्या क्लिनिकल ट्रायलच्या सरकारी नोंदवहीत, नोंदणी. १ एप्रिल २०१८ पासून तिथे पहिला रुग्ण घेण्याआधीच नोंदणी करावी लागते, मागाहून होत नाही. ‘नवीन औषधे आणि क्लिनिकल ट्रायल नियम, २०१९’ मधलं शैक्षणिक चाचणीचं कलम स्वतः वाचा. गंभीर प्रतिकूल घटना २४ तासांत कळवायची असते, त्यासाठी कोणाला फोन करायचा तो नंबर ट्रॉलीवर चिकटवा. केटामाइन आणि मॉर्फिन कुलपात असतात, त्यांच्या रजिस्टरमध्ये अभ्यासाची प्रत्येक मात्रा चढली पाहिजे. कुलपाची चावी रात्री कोणाकडे असते हे आधी विचारून घ्या.

संमती

अपघाताच्या रुग्णाच्या उशाशी कागद घेऊन उभं राहिलात की त्याला पहिली शंका पोलिसांची येते. एमएलसी (पोलीस केसची दवाखान्यातली नोंद) झालेली असते, हवालदार जबाब घेऊन गेलेला असतो, आणि आता तुम्ही अंगठा मागता. म्हणून माझं पहिलं वाक्य ठरलेलं आहे: “हा कागद पोलिसांचा नाही, गाडीच्या केसशी याचा संबंध नाही.” दुसरं वाक्य: “नाही म्हटलात तरी औषध मिळणार, आत्ताच मिळणार.” या दोन गोष्टी कळल्या की माणूस पुढचं ऐकतो.

पुढचं साध्या भाषेत सांगा. दुखणं कमी करायची दोन औषधं आहेत, दोन्ही आधीपासून वापरात आहेत. तुम्हाला कुठलं मिळेल ते बंद पाकिटावर ठरेल, ते मला माहीत नाही आणि डॉक्टरांनाही नाही. एका औषधाने थोडा वेळ गरगरल्यासारखं किंवा आपण इथे नाही असं वाटू शकतं. अर्ध्या तासात कमी झालं नाही, किंवा त्याआधीच सहन होईना, तर लगेच दुसरं औषध देऊ. मग विचारा, “मी काय सांगितलं ते तुम्ही मला सांगा.” त्यांनी उलट सांगितलेलं ऐकूनच त्यांना किती समजलं ते कळतं. वाचता न येणाऱ्या रुग्णासाठी निःपक्ष साक्षीदार लागतो. तो तुमच्या टीमचा नको, पूर्ण बोलणं ऐकलेला हवा. बाईचा कागद असेल तर नवऱ्याला किंवा दिराला विचारून मोकळे होऊ नका. हात तिचा मोडलाय, तिलाच विचारा.

हे बोलणं चालू असताना ब्रदरने स्लॅब (मोडलेला भाग स्थिर ठेवणारं अर्धं प्लास्टर) लावून, अंगठी-बांगड्या काढून, हात उंचावर ठेवलेला असावा. संमतीतही वेळ वाया जात नाही आणि पुढे मोजमापालाही याचा उपयोग होतो.

स्लॅब आधी, आकडा नंतर

फ्रॅक्चर स्थिर केलं की दुखणं औषधाशिवायही बरंच उतरतं. एका रुग्णाचा सुरुवातीचा आकडा स्लॅबच्या आधी घेतला आणि दुसऱ्याचा नंतर, तर तुम्ही औषध मोजत नाही, प्लास्टर मोजताय. म्हणून क्रम सगळ्यांसाठी एकच: स्लॅब, पाच मिनिटं शांत, मग शून्य मिनिटाचा आकडा. तेवढी पाच मिनिटंही रुग्णाला धीर नसेल तर सुरुवातीचाच नियम: नेहमीचा उपचार द्या, अभ्यासातून सोडा.

एक्स-रेचंही तसंच. ट्रॉलीवरून टेबलावर सरकवताना रुग्ण कळवळतो. ३० मिनिटांचा आकडा नेमका त्याच वेळी आला तर तो फुगलेला येणार. एक्स-रे औषधाआधी करून घ्या, नाहीतर ३० मिनिटांचा आकडा झाल्यावर पाठवा. टाके घालायचे असतील, हाड बसवायचं असेल तर तेही मोजमापानंतर. थांबण्यासारखं नसेल, म्हणजे बोटं थंड पडत असतील, नाडी लागत नसेल, तर तो रुग्ण अभ्यासाचा नाहीच.

दुखणं विचारायचं कसं

थीसिस चांगला होतो की वाईट, ते इथे ठरतं. उंबऱ्याला अडखळून मनगट मोडलेल्या आजी समोर आहेत असं धरा.

“आजी, आत्ता हात किती दुखायलाय? शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे याच्यापुढं दुखणंच नाही.”

“लई दुखायलाय गं माय.”

“लई म्हणजे दहातले किती?”

“मला कुठं आकडे येतेत.”

इथे घाईतला रेसिडेंट ‘८’ लिहून मोकळा होतो. तसं करायचं नाही. मी दहा चौकटींची एक पट्टी ठेवते, डावीकडे कोरी, उजवीकडे गडद होत जाणारी. आजी चांगल्या हाताच्या बोटाने दाखवतात. तेही जमत नसेल तर पाच शब्दांची पायरी: नाही, थोडं, बरंच, लई, सहन होईना. यातलं एक माप त्या रुग्णासाठी पक्कं करा आणि शेवटपर्यंत तेच वापरा. शब्दाचा आकडा नंतर टेबलावर बसून करू नका. शब्दाची पायरी वापरलेले रुग्ण विश्लेषणात कसे धरायचे, ते प्रोटोकॉलमध्ये आधीच लिहा.

अर्ध्या तासाने त्याच आजी म्हणतात, “आठ आणे उतरलं बघ.” हे उत्तर फार मोलाचं आहे, पण ते वेगळ्या प्रश्नाचं आहे. आत्ता दुखणं किती आहे ही एक गोष्ट, पहिल्यापेक्षा किती उतरलं ही दुसरी. वेदनाशामकांच्या संशोधनात ‘निम्मं किंवा त्याहून जास्त उतरलेले रुग्ण किती’ हे जगभर मान्य असलेलं मोजमाप आहे, आणि आपले रुग्ण ते न शिकवता आण्यांत सांगतात. त्यामुळे मी फॉर्ममध्ये त्याला वेगळा रकाना दिलाय: रुपयात किती आणे उतरलं. आठ आणे म्हटलं म्हणून आठाचे चार करून आकड्याच्या रकान्यात लिहायचं नाही.

“आता बरं वाटतंय ना?” हा प्रश्न कधीही नको. सरकारी दवाखान्यात एवढी माणसं आपल्यासाठी धावतायत, तर ‘हो’ म्हणावं असं रुग्णाला वाटतं. प्रश्न प्रत्येक वेळी शब्दशः तोच विचारा, मागचा आकडा सांगू नका. विचारणारा माणूस औषध जोडणारा नको. मुलगा मधेच म्हणाला, “तिला लई त्रास होतोय, दहा लिहा,” तर त्याला गोड बोलून पाणी आणायला पाठवा.

आणि दुखापत बघून आकड्यावर अविश्वास दाखवू नका. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर हेन्री बीचर या भूलतज्ज्ञाने दोनशेहून अधिक गंभीर जखमी सैनिकांना दुखण्याबद्दल विचारलं. औषध हवं असं म्हणणारे जेमतेम चौथा हिस्सा निघाले. जखमेच्या आकारावरून दुखणं ओळखता येत नाही, हे त्यांनी १९४६ मध्ये लिहिलं. ऊसतोडीचा गडी मांडीचं हाड मोडूनही ‘पाच’ म्हणेल, आणि घोटा मुरगळलेला मुलगा ‘नऊ’. दोन्ही लिहा.

बाटली, पाकीट, घड्याळ

साठ किलोच्या रुग्णाला केटामाइन लागतं १८ मिलिग्रॅम. मिलीला ५० मिलिग्रॅमच्या व्हायलमधून ते ०.३६ मिली होतं. पाच मिलीच्या सिरिंजवर ही रेघ दिसतसुद्धा नाही, तेव्हा एक मिलीची सिरिंज वापरा आणि मात्रा दोघांनी तपासा. वजनाचा घोळ इथेच होतो. पाय मोडलेला माणूस काट्यावर उभा राहत नाही. ट्रॉलीचा काटा नसेल तर अंदाज कोणी आणि कसा करायचा, हे ठरवून लिहा.

पाकिटं क्रमांक घातलेली, आतलं न दिसणारी, चिकटवलेली हवीत. दिव्यासमोर धरून बघा, अक्षर दिसलं तर आत काळा कागद घाला. यादी संगणकावर बनवून ती अभ्यासात नसलेल्या माणसाकडे ठेवा. औषध फार्मासिस्टने किंवा दुसऱ्या खोलीतल्या सिस्टरने तयार करावं. पॅरासिटामॉलची बाटली आणि सलाईनची बाटली वेगळी दिसते, म्हणून दोन्हींवर एकसारखी अपारदर्शक पिशवी चढवा. तरी केटामाइन स्वतःला उघडं पाडतं: डोळे हलतात, रुग्ण तरंगल्यासारखं बोलतो. ते लपत नाही. शेवटी रुग्णाला आणि मोजणाऱ्याला विचारा, “कुठलं औषध होतं असं वाटतं?” आणि उत्तर छापा. वाचणाऱ्याला कळेल की पडदा किती टिकला.

१५ मिनिटांची ड्रिपच द्या, झटकन टोचू नका. २०१७ च्या एका अभ्यासात हीच मात्रा झटकन दिल्यावर सुमारे ९२ टक्के रुग्णांना सगळं अवास्तव वाटलं, १५ मिनिटांत दिल्यावर ५४ टक्क्यांना. दुखणं दोन्ही रीतींनी सारखंच उतरलं.

घड्याळ एकच. भिंतीचं, मॉनिटरचं आणि तुमच्या मोबाइलचं जुळत नाही. ड्रिप सुरू झाली तो क्षण शून्य, हे सगळ्यांनी तोंडपाठ करा.

देखरेख आणि वरचं औषध

पहिला अर्धा तास रुग्णाजवळून कोणी हलायचं नाही. ऑक्सिजनचं प्रमाण, श्वासाची गती, रक्तदाब आणि गुंगी दर पाच मिनिटांनी. वरचं औषध, म्हणजे पहिल्याने भागलं नाही तर द्यायचं, म्हणून मॉर्फिन ठेवलंत तर त्याचा उतारा असलेलं नालोक्सोन ट्रॉलीवर फोडायला तयार असावं, स्टोअरमध्ये नव्हे.

वरचं औषध रुग्णाने मागितलं की द्यायचं. ‘अजून दहा मिनिटं थांबा, आकडा घ्यायचाय’ असं म्हणायचं नाही. आकडा मागितल्या क्षणी घ्या, वेळ लिहा, औषध द्या. किती रुग्णांना आणि किती मिनिटांनी वरचं औषध लागलं, हेही अभ्यासाचंच उत्तर आहे. ब्रिटनमध्ये ३०० रुग्णांवर मेथॉक्सिफ्ल्युरेन या श्वासातून घ्यायच्या वेदनाशामकाची चाचणी झाली, ती २०१४ मध्ये छापून आली. त्यात एका गटाला नुसता प्लासिबो (औषध नसलेला, दिसायला तसाच डोस) होता, पण मागताक्षणी दुसरं वेदनाशामक मिळण्याची सोय होती. आपल्या गर्दीत ती तत्परता कायम राखता येईल याची मी हमी देऊ शकत नाही, म्हणून मी प्लासिबोच्या गटाला हो म्हणत नाही. दोन्ही बाजूंना खरं औषध ठेवा.

मुलांना या अभ्यासात मिसळू नका. त्यांची मात्रा, माप आणि संमती तिन्ही वेगळी.

नंतरचं काम

दुसऱ्या दिवशी वॉर्डात जाऊन किंवा फोन करून विचारा: उलटी झाली का, वाईट स्वप्नं पडली का, पुन्हा हेच औषध चालेल का. शेवटचा प्रश्न सोडू नका. कधीकधी आकडा छान उतरलेला असतो आणि रुग्ण म्हणतो, “ते गरगरणारं नको.”

मास्टर चार्टमध्ये (सगळ्या रुग्णांच्या नोंदींच्या एकत्र तक्त्यात) राहिलेली जागा कोरीच ठेवा आणि का राहिली ते लिहा. ज्याला ज्या गटात टाकलं त्याला विश्लेषणातही त्याच गटात धरा, ड्रिप अर्धवट राहिली असली तरी. निवडीच्या नोंदवहीत आलेले, बाद झालेले आणि नाही म्हणालेले सगळे असावेत. निकाल कुठल्याही बाजूने लागो, सीटीआरआयवर टाका. त्याची एक पानी मराठी प्रत कॅज्युअल्टीच्या ड्रेसिंग रूममध्ये लावा. पुढच्या पाळीची सिस्टर ट्रॉलीत काय भरायचं ते तिथे बघून ठरवते.